आधी बेट, मग विमानतळ

फ्लाइट सिम्युलेटरच्या छंदात एक टप्पा असा येतो, की नुसतं विमान उडवून भागत नाही. स्वतःचा एखादा विमानतळ उभारावासा वाटतो. आमच्या मंडळींत त्याला सीनरी करणं म्हणतात. अशा वेळी बहुतेकांची नजर दूरच्या एखाद्या लहानशा बेटाकडे वळते. हिशेब सोपा वाटतो. मुंबई करायची तर एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्या, टॅक्सीवेंचं जाळं, टर्मिनल, भोवतीची वस्ती, सगळंच अंगावर येतं. बेटावर काय, एक धावपट्टी, एक बैठी इमारत, एक विंडसॉक आणि चार माड.

गोव्याची फ्लाय-९१ ही कंपनी २०२४ मध्ये मोपाहून लक्षद्वीपमधल्या अगत्तीला एटीआर-७२ विमान नेऊ लागली. तोच प्रवास एक्स-प्लेन या सिम्युलेटरवर करावासा वाटला, म्हणून मी अगत्ती हाती घेतलं. विमानतळ १९८८ सालचा. सुरुवातीला तिथे लहान डॉर्नियर विमानं येत. धावपट्टी सुमारे १,२०० मीटर, म्हणजे एटीआरलाही मोजूनमापून वापरावी लागते अशी. बेट दक्षिणेकडे निमुळतं होत जातं आणि त्या निमुळत्या शेपटावर ही धावपट्टी आखलेली आहे. पश्चिमेला उथळ, हिरवट खाजण. पूर्वेला उघडा समुद्र. या कामातला इमारतीवर गेलेला वेळ फार थोडा. बाकीचा सगळा गेला तो जमीन आणि पाणी जागच्या जागी बसवण्यात.

याचं कारण हा लेख वाचून कामाला लागणाऱ्या प्रत्येकाने आधीच ओळखून ठेवावं. बेट जितकं लहान आणि दूर, तितकी त्याच्याबद्दलची मोफत मिळणारी माहिती विरळ असते, आणि काम मात्र तिथेच सर्वांत बारीक करावं लागतं. मोठ्या विमानतळावर एखादं गोदाम दहा मीटर सरकलं तर कुणाला पत्ता लागत नाही. बेटावर धावपट्टी दहा मीटर सरकली की किनारा आणि धावपट्टी एकमेकांत घुसतात. म्हणून पुढचं सगळं मी ज्या क्रमाने करावं असं सांगतो, त्याच क्रमाने लिहिलं आहे. इमारत त्यात बरीच खाली येते.

उंचीचा आकडा आला कुठून?

आपल्याला मिळणाऱ्या बऱ्याच मोफत उंची-नकाशांच्या मुळाशी एकच मोहीम आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीचा मोठा भाग मोजला. त्या मोजणीतून आलेल्या जाळीत साधारण दर ३० मीटरला उंचीचा एक आकडा असतो. सह्याद्रीसाठी हे पुष्कळ झालं. बेटासाठी त्यात तीन खोड्या आहेत.

पहिली खोडी माडांची. रडारच्या लहरी झाडीतून थेट जमिनीपर्यंत पोचत नाहीत, पानांच्या दाटीतच कुठेतरी अडून परततात. प्रवाळाचं बेट समुद्रापेक्षा जेमतेम काही मीटर उंच आणि त्यावर पंधरा-वीस मीटरचे माड. परिणामी नकाशात जमीन म्हणून जे येतं, ते बेटावर घोंगडी टाकल्यावर वरून दिसेल तसं. धावपट्टी मोकळी म्हणून खाली, आणि जिथे माडांची दाटी तिथे टेकडी. अगत्तीचा कोरा नमुना मी पहिल्यांदा उघडला तेव्हा सपाट बेटावर चक्क चढउतार होते. एटीआर थांब्याकडे वळवला की नाक वर जायचं, पुढे पुन्हा खाली. शिवाय त्या टेकडीवर सिम्युलेटर पुन्हा माड लावतो, म्हणजे झाडांची उंची दोनदा मोजली जाते. यावर इलाज आहे. एक्स-प्लेनच्या वर्ल्ड एडिटरमध्ये विमानतळाची हद्द सपाट करण्याची खूण असते, मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये जमीन घडवण्याची वेगळी अवजारं आहेत. पण हद्दीची रेघ किनाऱ्याच्या आतच ठेवा. ती पाण्यात गेली की समुद्राच्या कडेला पायरी तयार होते, आणि ती हवेतून फार लांबून दिसते.

दुसरी खोडी जाळीच्या ढोबळपणाची. कॅरिबियनमधल्या साबा बेटावरची धावपट्टी अवघी ४०० मीटर, दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र. या ४०० मीटरच्या वाट्याला लांबीत जेमतेम तेरा-चौदा आकडे येतात. एक आकडा कड्यावरचा, पुढचा समुद्राचा. मधे सिम्युलेटर सरळ उतार काढून मोकळा होतो. मग जे विमान टोकावरून कोसळायला हवं, ते घसरगुंडीवरून गेल्यासारखं पाण्यात उतरतं. साबाला येणाऱ्या वैमानिकाची सगळी धडधड त्या कड्याची आहे. उताराचं साबा म्हणजे साबाच नव्हे. अशा ठिकाणी कडा हाताने वेगळा घडवावा लागतो. ती तयारी नसेल तर साबाच्या वाटेला जाऊ नका.

तिसरी खोडी तारखेची. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेनाचा विमानतळ बांधताना ड्राय गट नावाची एक खोल घळ भरून काढली आणि धावपट्टी त्या भरावावर नेली. तिथली नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली ती २०१७ मध्ये. २००० सालच्या मोजणीत ती घळ अर्थातच तशीच आहे. त्या जाळीवर धावपट्टी अंथरली तर तिचं टोक घळीत लोंबतं. म्हणून विमानतळ कधी बांधला आणि उंचीचा नकाशा कधीचा, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून मगच कामाला लागावं.

उंचीची आणखी एक भानगड आहे, ती मला माझ्या मेव्हण्यामुळे कळली. तो अगत्तीला फिरायला जाणार होता. त्याला म्हटलं, फोनवर तुझ्या चालण्याची नोंद चालू ठेव, किनाऱ्याच्या उंचीचे खरे आकडे मिळतील. तिथून त्याने फाइल पाठवली आणि पाठोपाठ फोन.

“दाजी, हे काय लफडं आहे? सगळीकडे उणे नव्वद दाखवतंय. मी काय पाण्याखाली फिरत होतो?”

फोन बिघडलेला नव्हता. जीपीएस पृथ्वीला एक गुळगुळीत लंबगोल धरतं आणि त्याच्यापासून उंची मोजतं. खरी समुद्रसपाटी गुरुत्वाकर्षणाप्रमाणे त्या लंबगोलाच्या वर-खाली होते. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ती जगात सर्वांत जास्त खाली गेलेली आहे, सुमारे १०६ मीटर. अगत्ती त्या खळग्याच्या कडेला येतं, म्हणून तिथे फरक नव्वद मीटरांच्या आसपास पडतो. मुंबईतही तो साठाच्या वर आहे. अँड्रॉइड फोनमधली पुष्कळ ॲप्स हा कच्चा आकडा तसाच दाखवतात. तो सिम्युलेटरमध्ये भरला की अख्खा विमानतळ समुद्राच्या तळाशी. तेव्हा उंचीचा कुठलाही आकडा हाती आला की पहिला प्रश्न हा, की तो समुद्रसपाटीपासूनचा आहे की लंबगोलापासूनचा. कोकणात किंवा गोव्यात फिरून आकडे गोळा करणाऱ्यांनाही हे लागू आहे.

अंश, मिनिटं आणि सेकंद

धावपट्टी उपग्रहाच्या चित्रावरून डोळ्यांनी आखू नका. ही चित्रं जागेवरून थोडी सरकलेली असू शकतात, आणि आजूबाजूला ताळा करायला रस्ते-चौक नसल्यामुळे बेटावर ते लक्षातही येत नाही. भारतातल्या विमानतळांसाठी भारतीय विमानपत्तन प्राधिकरण एआयपी नावाचं अधिकृत माहितीपत्र प्रसिद्ध करतं. ते इंटरनेटवर फुकट वाचता येतं. धावपट्टीच्या दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश, लांबी-रुंदी, उंची, दिवे, सगळं त्यात असतं. इतर देशही आपापलं एआयपी काढतात.

ते आकडे उतरवून घेताना मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. तिथे अंश, मिनिटं, सेकंद असतात आणि सिम्युलेटरला दशांश लागतात. अगत्ती १० अंश ४९ मिनिटांच्या आसपास आहे. ते १०.४९ असं टंकलं तर विमानतळ सुमारे ३६ किलोमीटर दक्षिणेला, भर समुद्रात जातो. ही चूक निदान लगेच दिसते तरी. सेकंदाच्या पुढचे दशांश गाळले तर ती दिसत नाही आणि मुरते. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जवळजवळ ३१ मीटर, आणि अगत्तीच्या धावपट्टीची रुंदी ३० मीटर. आकडा जवळच्या पूर्ण सेकंदावर आणला तर टोक अर्ध्या धावपट्टीएवढं इकडे-तिकडे होऊ शकतं.

धावपट्टीच्या क्रमांकावरून तिची दिशाही ठरवू नका. ०४ हा आकडा नेमके चाळीस अंश सांगत नाही. तो चुंबकीय दिशेचा, दहाच्या जवळच्या पटीत बसवलेला आकडा आहे. दोन टोकं अचूक ठेवली की दिशा आपोआप बरोबर येते. मग चित्राला हात घाला आणि धावपट्टी हलवण्याऐवजी चित्र सरकवा.

पाण्याची कड

बेटाची ओळख वैमानिकाला इमारतीवरून पटत नाही. कोचीहून निघालेल्याला तासाभराच्या निळ्या पाण्यानंतर आधी दिसतो तो रंग. बाहेर गडद निळा, मग प्रवाळाच्या कडेवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, आत खाजणाचा फिकट हिरवा, मग वाळू. हे चार पट्टे बरोबर असले तर इमारतीच्या जागी खोकं ठेवलं तरी लोक “अरे, अगत्ती!” म्हणतात. ते चुकले तर कितीही देखणं टर्मिनल करा, फुकट.

इथे अडचण किनाऱ्याच्या रेघेची आहे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये किनारा भरतीच्या रेषेवर काढण्याचा संकेत आहे. त्यामुळे ओहोटीला उघडी पडणारी वाळू आणि प्रवाळाचा पठारासारखा भाग रेघेच्या बाहेर, म्हणजे सिम्युलेटरच्या लेखी समुद्रात जातो. मग किनाऱ्याला खेटून थेट खोल पाणी आणि खाजणात महासागराच्या लाटा. ऑर्थो-फोर-एक्सपीसारख्या साधनात पाणी आणि चित्र यांचं हळूहळू मिश्रण करणारे मुखवटे असतात. मुख्य भूमीच्या किनाऱ्याला जो अरुंद मुखवटा चालतो, तो इथे पुरत नाही. खाजणाच्या बाहेरच्या कडेपर्यंत तो रुंद करावा लागतो.

रंगासाठी युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं घ्यावीत असं मी सुचवेन. बारकावा १० मीटरचा, म्हणजे धावपट्टीवरचे पट्टे त्यात दिसणार नाहीत, पण खाजणाचे रंग सुरेख मिळतात. दर काही दिवसांनी नवं चित्र येतं. लक्षद्वीपसाठी पावसाळ्यातली चित्रं ढगांनी भरलेली असतात. जानेवारी ते मार्चमधली चाळा. आणि सगळं बेट एकाच दिवसाच्या चित्रातून घ्या. दोन दिवसांची चित्रं जोडली की खाजणाच्या मधोमध कात्रीने कापल्यासारखी रेघ येते.

भरती-ओहोटीचा प्रश्न कुठे टोकाला जातो, ते स्कॉटलंडच्या बॅरा बेटावर बघा. १९३६ पासून तिथली विमानं ट्राय व्होर नावाच्या पुळणीवर, चक्क वाळूत उतरतात. तीन धावपट्ट्या, त्यांच्या टोकांना लाकडी खांब, आणि भरतीला तिन्ही पाण्याखाली. वेळापत्रकच भरती-ओहोटीवर ठरतं. विंडसॉक फडकत असला की विमानसेवा चालू आहे, शिंपल्या वेचणाऱ्यांनी पुळणीवर यायचं नाही, असा तिथला शिरस्ता. मी वापरतो त्या सिम्युलेटरमधल्या समुद्राला भरती नाही. तेव्हा करणाऱ्याने एकच घटका निवडायची आणि शेवटपर्यंत तिच्याशी इमान राखायचं. बॅरासाठी ओहोटी घेतली तर चित्र ओहोटीचं, किनारा ओहोटीचा, वाळूचा ओलसर रंगही ओहोटीचा. चित्र भरतीचं आणि खांब वाळूत, असं झालं की सगळंच खोटं वाटू लागतं.

मग झाडं, मग इमारत

माड सिम्युलेटरच्या संग्रहातलेच वापरा. स्वतः घडवलेला देखणा माड हजार वेळा लावला की संगणक धापा टाकायला लागतो आणि नेमकं उतरताना चित्र अडखळतं.

अगत्तीचं काम वाटल्यानंतर तिथल्याच एका मुलाचा निरोप आला. धावपट्टीबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. त्याचं म्हणणं एवढंच, की तुमचे माड सगळे सरळ उभे आहेत. किनाऱ्यावरचा माड पाण्याकडे झुकलेला असतो. कोकणात जन्म गेलेल्या माणसाला हे सांगायला अगत्तीचा मुलगा लागावा, म्हणून हसू आलं. मग किनाऱ्याची एक रांग हाताने, एकेक माड कलता करून लावली. आतल्या बाजूची झाडी मात्र आपोआप पसरू दिली. वेळ असा वाटावा. जे कडेला, उजेडात आणि उतरणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात असतं, त्यावर हात चालवायचा. बाकीचं यंत्राच्या हवाली करायचं.

इमारतीबद्दल थोडक्यात सांगतो. छताचा आकार आणि रंग बरोबर असू द्या, कारण वरून तेच दिसतं. धावपट्टीकडची भिंत फोटोवरून करा, मागची भिंत साधी चालते. आतल्या खुर्च्या, काउंटर आणि पंखे यांच्या नादी लागू नका. मायक्रोसॉफ्टसाठी करत असाल तर सिम्युलेटरने स्वतःहून उभारलेली घरं आणि झाडं विमानतळाच्या हद्दीतून आधी काढून टाका, नाहीतर तुमच्या टर्मिनलमधून माड उगवतो.

कुणाचं काय वापरतो आहोत?

बेटाचा फारसा फोटोसाठा नसतो, म्हणून मिळेल ते उचलण्याचा मोह होतो. एका विक्रेत्याकडून मी तयार घरांचा संच रीतसर पैसे देऊन घेतला होता. परवान्याचा मजकूर नीट वाचल्यावर कळलं, की तो स्वतःपुरता वापरायला आहे, पुढे वाटायला नाही. शिवाय त्यातल्या काही भिंतींची चित्रं दुसऱ्याच कुणाची निघाली. सगळी घरं काढून संग्रहातली लावावी लागली. विकत घेतलं म्हणजे वाटायची मुभा मिळाली, असं नसतं. गुगल आणि बिंगची उपग्रहचित्रं स्वतः बघायला ठीक, सीनरीत भरून वाटायला नाहीत. ओपनस्ट्रीटमॅप वापरला तर तसा उल्लेख करणं बंधनकारक आहे. प्रवाशांचे फोटो वापरायचे तर विचारून घ्या. बहुतेक लोक आनंदाने देतात. एक्स-प्लेनच्या अधिकृत सीनरी गेटवेवर काम द्यायचं असेल, तर तिथे फक्त सिम्युलेटरच्या संग्रहातल्या वस्तू चालतात. हे आधी माहीत असेल तर पुष्कळ मेहनत वाचते.

आपल्या देशात आणखी एक पथ्य आहे. बेटांवरचे विमानतळ सीमेवरचे असतात. अंदमानात श्री विजयपुरमचा (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) विमानतळ वीर सावरकरांच्या नावाचा म्हणून मराठी मुलांना तो करावासा वाटतो. पण ती हवाईपट्टी नौदलाच्या आयएनएस उत्क्रोश या तळाची आहे, प्रवासी विमानं तिचा वापर करतात. लक्षद्वीपमध्ये बाहेरच्या भारतीयांनाही परवाना काढूनच जावं लागतं. माझा नियम असा, की जे एआयपीमध्ये छापलेलं नाही आणि साध्या प्रवाशाला टर्मिनलच्या दारातून दिसत नाही, ते करायचं नाही. विमानतळावर फोटो काढण्याआधी तिथल्या सुरक्षारक्षकाला विचारायचं, आणि तो नाही म्हणाला तर फोन खिशात. एका हँगरच्या बारकाव्यापायी कुणी चौकशीला सामोरं जावं, एवढा हा छंद मोठा नाही.

वाटण्याआधी

तुमच्या संगणकावर जे जमिनीला टेकलेलं आहे, ते दुसऱ्याच्या संगणकावर तरंगू शकतं. कुणी मूळ जमीन वापरतो, कुणी ऑर्थो म्हणजे उपग्रहचित्रं अंथरलेली. दोन्हींची उंची वेगळी. म्हणून वस्तूंना ठरावीक उंचीचे आकडे देऊ नका, त्या जमिनीवर टेकतील अशाच ठेवा, आणि दोन्ही जमिनींवर उतरून बघा. एक्स-प्लेनमध्ये सीनरीच्या यादीतला क्रमही सांगून ठेवा: विमानतळ वर, ऑर्थो जमीन तळाशी. “तुमचा विमानतळ दिसतच नाही” या तक्रारींमागे बहुतेक वेळा हा क्रम उलटा झालेला असतो.

सोबत एक साधी मजकुराची फाइल द्या. चित्र कुठल्या महिन्याचं, पाणी भरतीचं की ओहोटीचं, धावपट्टीचे आकडे कुठून घेतले, आणि कुठली भिंत अंदाजाने केली, एवढं त्यात लिहा. पुढे धावपट्टी वाढली, इमारत बदलली, तर दुसऱ्याला तिथून काम पुढे नेता येतं.

आणि इमारत उभारायला घेण्याआधी एक परीक्षा करून बघा. धावपट्टी, उंची, पाणी आणि किनारा एवढंच झालं की थांबा. ज्याने ते बेट नकाशापलीकडे पाहिलेलं नाही अशा एखाद्या मित्राला विमानात बसवा, वीस किलोमीटरवरून सोडा आणि दिशा न सांगता उतरायला सांगा. त्याला खाजणाच्या रंगावरून बेट सापडलं, निमुळत्या शेपटावरून धावपट्टी ओळखता आली आणि चाकं टेकताना जमीन हलली नाही, तर खुशाल इमारतीला हात घाला. तो चाचपडत राहिला, तर ती उणीव टर्मिनलने भरून निघणार नाही. उंची आणि किनाऱ्याच्या फाइली पुन्हा उघडा.